डिशच्या नेटवर पानं लवकर उघडायची तर चकरा वाचवा

काकांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "अरे, ते डिशचं नेट पुन्हा बंद पडलंय बघ." आणि मागे त्यांच्या टीव्हीवर यूट्यूबचं कीर्तन खणखणीत चालू असतं, एकदाही न अडकता. मी म्हणतो काका, नेट बंद असेल तर बुवा कसे गातायत, तर म्हणतात ते मला सांगू नकोस, सोयाबीनच्या भावाचं पान मघापासून पांढरं पडलंय त्याचं बोल. बरेच दिवस मला वाटायचं काकांचंच काहीतरी चुकतंय, मग एका रविवारी लॅपटॉप घेऊन तिकडेच जाऊन बसलो तेव्हा कळलं की ते बरोबर सांगतायत, व्हिडिओ चालणार आणि साधं पान अडणार, ही या नेटची तऱ्हाच आहे.

थोडं आधीचं सांगतो. काका रिटायर झाल्यावर इंदूरचं राजेंद्र नगरातलं घर आमच्यावर सोपवून खंडवा रोडला सिमरोलचा घाट उतरून चोरलच्या बाजूला शेतावर राहायला गेले. घर अगदी खळग्यात, तीन बाजूंना टेकड्या, मोबाइलला रेंजची एखादी दांडी आली तर आली. फायबर तिथवर पोचलेलं नाही, म्हणून शेवटी गच्चीवर व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहावरून नेट घेणारी, डिश बसवली. बसवायला आलेला पोरगा स्पीड टेस्ट दाखवून म्हणाला, "भिया, स्पीड तो पूरी आ रही है," आणि खरंच येत होती, १० एमबीपीएस. त्याने पिंगचा, म्हणजे मागणी जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा मात्र दाखवला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

सगळी गोम त्या पिंगमधेच आहे. या जातीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात, त्यांची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीएवढ्याच वेळात होते म्हणून ते आपल्याला एकाच जागी टांगल्यासारखे वाटतात आणि डिश हलवावी लागत नाही. तुम्ही क्लिक केलं की मागणी वर जाते, तिथून खाली कंपनीच्या जमिनीवरच्या केंद्राला, म्हणजे हबला, मग उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली तुमच्या गच्चीवर, म्हणजे चार वेळा छत्तीस हजार, झाले जवळजवळ १,४४,००० किलोमीटर. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, तरी नुसत्या प्रवासात अर्धा सेकंद गेला. वर मोडेम, हब यांचा वेळ धरून काकांकडे पिंग ६२० ते ७०० मिलिसेकंद येतं, राजेंद्र नगरला फायबरवर तेच वीस-पंचवीस. आणि हे कुठल्याही सेटिंगने कमी होत नाही बरं का, कोणी "पिंग बूस्टर" विकत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे जा. स्टारलिंकसारखे उपग्रह जेमतेम पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात म्हणून त्यांचं गणित वेगळं, त्यांना हा लेख फारसा लागू नाही.

आता हे बघा. समजा काकांना चोरलहून किराणा आणायला इंदूरच्या सियागंज बाजारात यायचंय. यादी करून एकदाच आले आणि टेम्पो भरून नेला तर रस्ता कितीही लांब असो, काम एका चकरेत होतं. पण साखरेसाठी एकदा आले, परत गेले, मग आठवलं डाळ राहिली, पुन्हा आले, मग जिरावन मसाला, तर टेम्पो केवढाही मोठा आणा, दिवस रस्त्यातच जाणार. एमबीपीएस म्हणजे टेम्पोचा आकार आणि पिंग म्हणजे रस्ता. व्हिडिओला एकदा ओळखपाळख झाली की माल सलग येत राहतो, थोडा पुढचा साठाही करून ठेवतो, म्हणून कीर्तन चालतं. वेबपेज मात्र चकरा मारत बसतं.

किती चकरा ते मोजूनच सांगतो, कारण हे कळलं की पुढचे उपाय आपोआप कळतात. साइटचं नाव टाकलं की आधी तिचा पत्ता विचारायचा, ती डीएनएसची एक चकर. मग सर्व्हरशी टीसीपीचा (म्हणजे पावती घेत माल पाठवायच्या पद्धतीचा) रामराम, दुसरी. मग कुलूपकिल्ली ठरवायची, म्हणजे टीएलएस, जुन्या १.२ मधे दोन चकरा आणि २०१८ मधे आलेल्या १.३ मधे एक. मग कुठे "पान दे" म्हणायचं, आणखी एक. जुन्या पद्धतीच्या साइटला पाच चकरा, सव्वातीन सेकंद, आणि अजून स्क्रीनवर एक अक्षर नाही! मग ते पान म्हणतं मला फॉन्ट हवा अमक्याकडून, जाहिरात तमक्याकडून, मोजदाद करणारी स्क्रिप्ट तिसऱ्याकडून, आणि प्रत्येक नव्या दाराशी हीच सगळी वरात पुन्हा. त्यात टीसीपी स्वभावाने भित्रं, पहिल्या खेपेला साधारण १४ केबीच पाठवतं, ते पोचल्याची पावती आली की दुप्पट, मग चौपट, त्यामुळे १ एमबीची फाइलसुद्धा सात खेपांनी येते, चार-साडेचार सेकंद गेले, मग लाइन १० एमबीपीएसची असो की ५० ची.

म्हणून पहिलं काम, मोजा. लॅपटॉपवर कमांडच्या खिडकीत पिंग सतत चालू ठेवा. ६००-७०० असेल तर लाइन ठीक आहे. दीड हजाराच्या वर जात असेल तर बहुधा घरातलं कोणीतरी काहीतरी अपलोड करतंय, त्याचं खाली सांगतो. मग ब्राउझरमधे एफ१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडा आणि रोजचं पान लोड करा. काकांचं भावाचं पान मी असं उघडलं तर खालच्या पट्टीत १८७ रिक्वेस्ट, तीसच्या वर वेगवेगळे पत्ते, आणि सोयाबीनचा जो एक आकडा पाहिजे होता तो पहिल्याच रिक्वेस्टमधे येऊन बसला होता, बाकी सगळी जत्रा. एक फॉन्ट दुसऱ्या गावाहून येत होता आणि तो येईपर्यंत अक्षरं दाखवायची नाहीत असं त्या साइटवाल्याने ठरवलेलं, म्हणून पान पांढरं. काकांना दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे भाव आलाय, पण नेसून बाहेर यायचाय?" अगदी तेच.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला म्हणाल तर जाहिराती अडवणाऱ्या अॅडब्लॉकरने, बाकी सगळं त्याच्या नंतर. फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन टाका, अँड्रॉइडच्या फायरफॉक्समधेही चालतं. क्रोममधे आता त्याचं लाइट रूप मिळतं, काम करतं पण पूर्णाएवढं नाही, म्हणून मी काकांचं ब्राउझरच बदललं, दोन दिवस कुरकुर झाली. नुसतं टाकून थांबू नका, त्याच्या सेटिंगमधे दोन खुणा अशा आहेत ज्या फायबरवाल्यांना कधी लागत नाहीत, एक बाहेरचे फॉन्ट अडवायची आणि दुसरी अमुक केबीपेक्षा मोठी चित्रं-व्हिडिओ अडवायची, मी ५० ठेवलंय, चित्र बघायचंच असेल तर त्याच्या जागेवर क्लिक केलं की येतं. फॉन्ट अडवल्यावर काही साइटवर बटणांच्या जागी चौकोन दिसतात, त्या साइटपुरतं चालू करायचं. आणि ज्या साइटवर फक्त वाचायचंय तिथे जावास्क्रिप्टच (पानात चालणारे छोटे प्रोग्राम) बंद करून पाहा, अर्ध्या साइट मोडतात पण बातम्यांच्या बऱ्याचशा उलट सुधारतात. भावाचं पान या सगळ्यानंतर १८७ वरून २२ रिक्वेस्टवर आलं, पाच-सहा सेकंदांत उघडतं.

दुसरं म्हणजे कॅश, म्हणजे एकदा आणलेला माल ब्राउझर घरातच साठवून ठेवतो तो, आणि इथे आमचीच चूक होती. काकांच्या फोनमधे कोणीतरी एक क्लीनर अॅप घालून दिलेलं, ते रोज सकाळी "४०० एमबी कचरा साफ" असं सांगून खूश करायचं. तो कचरा म्हणजे आदल्या दिवशी एवढ्या लांबून आणलेला किराणाच की! रोज फेकायचा आणि रोज पुन्हा चकरा. ते अॅप आधी काढलं. तसंच उगाच इनकॉग्निटो वापरू नका, ब्राउझर बंद करताना हिस्टरी-कॅश पुसायची सवय असेल तर बंद करा, आणि पान हळू येतंय म्हणून रिफ्रेश दाबू नका, रिफ्रेश म्हणजे त्या पानासाठी, आणि काही ब्राउझरमधे घरात असलेल्या बहुतेक वस्तूंसाठीही, "हे अजून चालेल ना" विचारायला पुन्हा सियागंज. मागच्या पानावर जायला बॅकचं बटण वापरा, ते बहुतेक वेळा जसंच्या तसं मेमरीतून येतं. क्रोम वापरत असाल तर मेमरी सेव्हर बघून ठेवा, तो पडून असलेले टॅब झोपवतो आणि परत गेलात की पान नव्याने मागवतो, फायबरवर कळतही नाही, इथे दहा सेकंद गेले.

एक सवय मात्र लावून घ्या, डायलअपच्या काळात सगळ्यांना होती. लिंकवर सरळ क्लिक करायचंच नाही. बातम्यांचं मुख्य पान उघडलं की आवडतील त्या सात-आठ लिंक माऊसच्या मधल्या बटणाने मागच्या टॅबमधे उघडत सुटायचं, फोनवर बोट दाबून धरून तेच, मग चहा टाकायचा आणि येऊन एकेक वाचायचं. सगळ्यांच्या चकरा एकाच वेळी चालतात, म्हणून आठ पानांना एका पानाच्या आठपट वेळ लागत नाही. काकूंना हे पटकन जमलं, काका अजून एक क्लिक करून स्क्रीनकडे बघत बसतात, मोडेमच्या लाइटकडेही.

आता थोडं किचकट, पण ऑफिसचा लॅपटॉप घेऊन शेतावर काम करणाऱ्यांनी हे नक्की वाचा. उपग्रहाच्या मोडेममधे बहुधा एक दलाल बसलेला असतो, त्याला पेप म्हणतात. तो काय करतो, तुमच्या कंप्युटरला घरच्या घरीच "पोचलं पोचलं, पाठव पुढचं" अशी पावती देऊन टाकतो आणि आकाशातली वाहतूक स्वतःच्या हिशोबाने करतो, त्यामुळे वर सांगितलेला टीसीपीचा भित्रेपणा निघून जातो. पण व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद रस्ता, लावलात की त्याला नुसतं सीलबंद पार्सल दिसतं, आत टीसीपी आहे की काय त्याला कळत नाही, दलाली बंद, आणि गाडी बैलगाडी होते. माझ्या लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन चालू असताना जी फाइल सहा मिनिटं घेत होती ती बंद केल्यावर दीड मिनिटात आली. व्हीपीएन काढता येत नसेल तर ऑफिसच्या आयटीवाल्याला स्प्लिट टनल मागा, म्हणजे फक्त ऑफिसच्या साइट त्यातून जातील.

असाच पेच क्विकचा आहे. एचटीटीपी ३, म्हणजे पानं मागवायची नवी पद्धत, ज्याच्यावर चालते ते क्विक, २०२१ मधे त्याचं स्टँडर्ड पक्कं झालं, त्यात रामराम आणि कुलूपकिल्ली एकाच चकरेत उरकतात, ऐकायला आपल्यासाठीच केल्यासारखं. पण क्विकच्या पावत्याही कुलूपबंद असतात, म्हणून पेपला तिथेही काही करता येत नाही. मग चांगलं काय? दोन्ही करून पाहा, दुसरा इलाज नाही. क्रोममधे फ्लॅग्सच्या पानावर क्विक शोधून डिसेबल करता येतं, फायरफॉक्समधे अबाउट कॉन्फिगमधे एचटीटीपी ३ शोधा. मी पाच ठरावीक पानं आणि एक ४० एमबीची पीडीएफ घेऊन, प्रत्येक वेळी कॅश पुसून (फक्त या कामासाठी!) घड्याळ लावून बसलो. काकांच्या लाइनवर छोटी पानं क्विकने लवकर आली आणि पीडीएफ क्विक बंद केल्यावर. म्हणून फायरफॉक्समधे चालू ठेवलंय आणि मोठं डाउनलोड करायला क्रोममधे बंद. तुमच्या मोडेमवर उलटंही होईल.

डीएनएसचं बघा, इंटरनेटवर सगळे सांगतात गूगलचं आठ-आठ-आठ-आठ टाका, फास्ट होतं. इथे डोळे मिटून टाकू नका. काही सिस्टिममधे कंपनीचं स्वतःचं डीएनएस मोडेमजवळच उत्तर देतं, तुम्ही बाहेरचं टाकलंत की हातची सोय घालवून प्रत्येक नावासाठी आकाशात चकर. त्यापेक्षा घरातच एक कॅश ठेवा. रास्पबेरी पाय हा छोटा कंप्युटर जुना पडून असेल तर त्यावर पायहोल टाका, जाहिरातींचे पत्ते घरच्या सगळ्या फोन-टीव्हीसाठी तिथेच अडतात आणि एकदा विचारलेलं नाव काही काळ लक्षात राहतं. त्याच्या मागे अनबाउंड हे डीएनएसचं सॉफ्टवेअर लावलंत तर त्यात प्रीफेच आणि सर्व्ह एक्स्पायर्ड अशा दोन सोयी आहेत, पहिली म्हणजे पत्ता शिळा व्हायच्या आतच नवा आणून ठेवायचा, दुसरी म्हणजे पत्ता शिळा झाला तरी आधी तो देऊन टाकायचा आणि मागाहून ताजा आणायचा. शिळ्या पोळीचा कुस्करा तसा, दर वेळी नवी कणीक मळायची गरज नाही.

अपलोडचं सांगायचं राहिलं. एकदा संध्याकाळी पिंग एकदम २,४०० झालं, पाऊस नाही, वारा नाही. शोधता शोधता कळलं काकूंनी दुपारी पळसाच्या फुलांचे बारा फोटो काढलेले आणि फोन ते गुपचूप क्लाउडवर चढवत होता. एकेक ४ एमबीचा, म्हणजे ४८ एमबी, आणि वर जायची लाइन १ एमबीपीएसची, सहा मिनिटांच्या वर रस्ता जाम, आणि तेवढा वेळ घरातल्या प्रत्येकाची छोटीशी "पान दे" ही मागणी त्या फोटोंच्या मागे रांगेत उभी. तर फोटो बॅकअप रात्री करा किंवा शहरात आलात की, व्हॉट्सअॅपचं ऑटो डाउनलोड बंद, प्ले स्टोअरचे अपडेट हाताने. विंडोजमधे त्या वायफायला मीटर्ड कनेक्शन म्हणून खूण करा आणि डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर तुमचा लॅपटॉप दुसऱ्यांना अपडेट वाटत बसू शकतो, ही समाजसेवा चोरलहून नको. हौस असेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर चालणारा राउटर घेऊन त्यात एसक्यूएम, म्हणजे रांगेला शिस्त लावणारी सोय, लावा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या थोडी खाली ठेवा, मग फोटो चढत असले तरी पानांना वाट मिळते.

फोनवर ज्यांना फक्त वाचायचंय त्यांना ऑपेरा मिनी द्या. सगळ्यात जास्त बचतीच्या मोडमधे ते पान आपल्या फोनवर जुळवत नाही, ऑपेराच्या सर्व्हरवर जुळवून, दाबून, एक गठ्ठा करून पाठवतं, म्हणजे यादी करून टेम्पो भरणं तेच. क्रोमचा लाइट मोड असंच काहीसं करायचा, तो २०२२ मधे बंद झाला. फक्त ऑपेराच्या त्या मोडमधे तुमचं पान त्यांच्या सर्व्हरवर उघडं होतं, तेव्हा बँकेचं काम त्यात करायचं नाही. मेल ब्राउझरमधे उघडण्याऐवजी थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममधे घ्या, रात्रीतून सगळं उतरलेलं असतं आणि शोधणंही घरच्या घरी. मराठी विकिपीडिया कीविक्स अॅपमधे एकदा उतरवून ठेवलात तर त्याला नेटच लागत नाही, काकांची नातवंडं सुट्टीत येतात तेव्हा फार उपयोगी पडतं. आणि ज्यांना लिनक्स येतं त्यांनी मुंबईत एक स्वस्तातला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घ्या, पंधरा साइटवरून गोळा करायचं ते तिथे करा, चकरा तिथे बऱ्याचदा काही मिलिसेकंदांच्याच होतात, मग एकच झिप खाली आणा. त्यात लॉगिन करायला साध्या एसएसएचऐवजी मॉश वापरा, टाइप केलेलं अक्षर लगेच दिसतं, नाहीतर प्रत्येक अक्षर आकाशात जाऊन येईपर्यंत आपण काय टाइप केलं तेच विसरतो.

वेळेची मर्यादा असलेले फॉर्म, तत्काळ तिकीट, असलं काही डिशवरून करायला जाऊ नका. इंदूरला फोन करा, कोणीतरी काढून देईल.

डिशकडेही अधूनमधून बघावं. आपल्याकडून ती जवळजवळ सरळ दक्षिणेला बघते, कारण यातले काही उपग्रह आपल्याच रेखांशाजवळ आहेत, इस्रोचा जीसॅट ११ घ्या, ७४ अंश पूर्वेला, आणि जिथून जुने ज्योतिषी रेखांश मोजायला सुरुवात करायचे ते आपलं उज्जैन पावणेशहात्तरवर, दोन अंशांचाही फरक नाही. म्हणजे दक्षिणेच्या आंब्याची फांदी वाढली की नेट गेलं, काकांकडे गेल्या श्रावणात तेच झालं आणि आम्ही दोन दिवस मोडेमला शिव्या देत होतो. मोठ्या पावसात सिग्नल पडणारच, थेंब लहरी खातात, त्याला इलाज नाही, ढग सरकले की येतो.

आणि मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, स्वच्छ ऊन असताना, रोज दुपारी साडेबाराच्या आसपास काही मिनिटं नेट जायला लागलं तर कंपनीला फोन लावू नका, त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि डिशला त्याच्या गोंगाटात दुसरं काही ऐकू येत नाही. चार-सहा दिवसांत आपोआप थांबतं, काकांनी आता ती जेवायची वेळ करून टाकलीय.